शाळेतील व्यायाम आणि तो शिकविणारा



दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला तो तालमीत, शाळेत नव्हे. शाळेत आली ती इंग्रजी अमदानीतली कवाईत. गिरणीचा भोंगा आणि ड्रिलची शिटी यांना मी सख्खी भावंडे मानतो. दोघांनाही हुकूम पाळणारी माणसे हवी होती.

पुढे वारे फिरले. अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. १९३८ साली मुंबई सरकारने कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करणारी संस्था काढली. लेझीम, हुतुतू, आसने शाळांत शिरली, हे खरेच. पण शिकविणाऱ्याला आपल्या कामाचे रीतसर शिक्षण मिळू लागले, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

आता २००९ चा शिक्षणहक्क कायदा घ्या. शाळेला मैदान हवे, असे त्याची अनुसूची म्हणते. छान! पण सहावी ते आठवीच्या वर्गांत मुले शंभरावर असली, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाला ती काय देते? अंशकालीन निदेशक. शंभराच्या आत असली, तर तेवढेही बंधन नाही. गणिताला पुरा शिक्षक, अंगाला अर्धा! गिरणीत असल्या माणसाला बदली म्हणत. रोज दारात उभे राहायचे, काम मिळाले तर मिळाले. मल्लखांबावरून घसरणाऱ्या पोराला झेलायला शाळा सुटल्यावरही मैदानात थांबावे लागते. तासावर मोजलेला माणूस कोणाच्या जिवावर थांबेल?

आपल्या शाळेत व्यायामाचा तास कोण घेतो आणि त्याच्या हातात महिन्याला काय पडते, एवढे उद्या विचारून या.