गुहागरला दोन रात्री, स्वयंपाक आपला आपण

मागच्या भागात मी बोलता बोलता सांगून गेले की आम्ही बाबांना घेऊन गुहागरला जाऊन आलो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, डायलिसिसवरच्या माणसाला घेऊन कसे काय गेलात? जेवणाचं काय केलंत? म्हणून आज तेच सांगते. कोकणात काय काय बघावं याची माहिती तुम्हाला हजार ठिकाणी मिळेल, त्यामुळे त्यात मी फार शिरणार नाही. मी सांगणार आहे ते स्वयंपाकघराबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझे बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवारी आणि शनिवारी. या दोन वर्षांत ते पुण्याबाहेर गेले नव्हते. आणि ते गेले नाहीत म्हणजे आईपण गेली नाही. बाबा तसे बोलत नाहीत, पण टीव्हीवर समुद्र दिसला की चॅनल बदलायचे नाहीत. एवढंच. त्यावरून मला कळायला दोन वर्षं लागली, ते सोडा.

अडचण होती जेवणाची. मीठ कमी, पोटॅशियम कमी, आणि पाणी मोजून. दिवसाचं एक लिटर, त्यात चहा आला, आमटी आली, ताकसुद्धा आलं. बटाटा, टोमॅटो, केळं, पालक, सुकामेवा सगळं जपून. आणि कोकणात गेल्यावर पहिली गोष्ट हातात काय देतात? शहाळं! शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांच्यासाठी ते औषध नाही, उलट धोका. हॉटेलात किंवा खानावळीत ‘मीठ कमी घाला’ म्हणून सांगता येतं, पण भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून मग फोडणीला टाका, हे कोण करणार? म्हणून ठरवलं, जायचं तर ओट्यासकट घर घ्यायचं.

आता इथे आमचा जुना अनुभव सांगते. बाबांचं आजारपण सुरू होण्याच्या आधी आम्ही एकदा असंच ‘किचनसह’ घर घेऊन किनाऱ्यावर गेलो होतो. कुठे, ते सांगत नाही. फोटोत समुद्र, झोपाळा, नारळ, सगळं होतं. किचन म्हणजे एक शेगडी, दोन पातेली, झाकण एकाचंही नाही, सांडशी नाही, आणि सुरी अशी की तिने लोणीसुद्धा कापलं नसतं. दुसऱ्या रात्री नऊ वाजता सिलिंडर संपला. पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट ही की चार दिवस आई ओट्याशी होती. सकाळी पोहे, मग जेवण, मग चहा, परत जेवण. आम्ही पाण्यातून येऊन ‘आई, भूक लागली’ म्हणायचो, चाळिशीला आलेली माणसं! परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, कशी झाली सहल? आई म्हणाली, “छान झाली. ओटा बदलला.”

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलंय. त्यामुळे या वेळी बाबांच्या पथ्याइतकंच हेही ठरवलं होतं, की आई स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाही. स्वयंपाक मी आणि माझा नवरा करणार. भांडी मुलगा घासणार, तो सातवीत आहे, जमतं त्याला.

तारखांचं गणित मजेशीर होतं. मंगळवारी डायलिसिस, शनिवारी परत डायलिसिस. म्हणजे बुधवारी पहाटे निघायचं आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत घरी, मध्ये दोन रात्री. एकही फेरी चुकवायची नाही, पुढेमागे करायची नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. (आणि हे आमच्या बाबांपुरतं आहे हं. तुमच्या घरी कोणी असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या पॉडकास्टवर विसंबू नका.) दिवस आठवड्याच्या मधले असल्यामुळे गर्दी नाही, हा आयता फायदा. मुलाची शाळा तीन दिवस बुडाली.

मग बुधवार तर ठरला, पण कुठला बुधवार? इथे मी कॅलेंडर काढून बसले, तिथी बघायला. हसू नका. भरती-ओहोटीचं एक जुनं गणित आहे, किनाऱ्यावरच्या लोकांना पाठ असतं. तिथीचा आकडा घ्यायचा, तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल ठरवायला पुरतं.

मला हवी होती संध्याकाळची ओहोटी. कारण ओहोटीला जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तिच्यावर अशक्त माणूसही चालू शकतो. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत बाबांना दहा पावलंही जमली नसती. त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा असे तीन दिवस धरले तर भरती सकाळी पावणेदहा ते सव्वाअकराच्या दरम्यान, आणि ओहोटी चारनंतर. मार्गशीर्षातले तसे बुधवार-गुरुवार-शुक्रवार सापडले. थंडी, घाम कमी, म्हणजे तहान कमी. पाणी मोजून पिणाऱ्या माणसाला मे महिन्यात किनाऱ्यावर नेणं म्हणजे छळ.

फक्त एक विसरले. मार्गशीर्षातला गुरुवार! आईचा उपास, घरात मासे नाहीत. म्हणजे मासे खायचे तर बुधवारीच.

आता घर. मी सहा ठिकाणी फोन केले. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यात राहायला घरं खूप आहेत, पण बहुतेक ठिकाणी राहणं आणि जेवण असं एकत्रच असतं. जेवणावरच त्यांचं चार पैसे सुटतात, हे आपण समजून घ्यायला पाहिजे. तीन ठिकाणी सरळ नाही म्हणाले. एका काकूंना तर वाईटच वाटलं, “आमच्या हातचं नको का तुम्हाला?” मी तेव्हापासून सुरुवातच बदलली. आधी बाबांचं सांगायचं, मग ओटा मागायचा, आणि त्याचे पैसे वेगळे देऊ असं आपण होऊन म्हणायचं. सहाव्या फोनवर ज्या काकू भेटल्या त्या म्हणाल्या, “माझ्या दिरांचं पण डायलिसिस होतं. या तुम्ही.” बास.

पण त्यांनाही मी सगळं विचारलं. समुद्र किती लांब हे विचारलंच नाही, गुहागरात तो मागच्या दारीच असतो. पुढे रस्ता, मग घर, मग लांबलचक वाडी आणि वाडी संपली की सुरूची झाडं आणि पुळण. मी विचारलं ते असं: शेगड्या किती, भरलेला जादा सिलिंडर आहे का, फ्रीजमध्ये बर्फ जमतो का. बर्फ कशाला? तहान लागली की बाबांना पाण्याऐवजी बर्फाचा एक तुकडा तोंडात धरायला देतो, घोटाभर पाण्यात अर्धा तास निघतो. संडास कमोडचा आहे का, पायऱ्या किती. आणि फोटो मागितला तो ओट्याचा. समुद्राचा नको, ओट्याचा पाठवा म्हटल्यावर काकू खूप हसल्या. चिपळूणला डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय कुठलं, तिथला नंबर काय, हे मात्र आमच्या डॉक्टरांकडून काढून घेतलं. गुहागरहून चिपळूण साधारण ४५ किलोमीटर. गरज पडली नाही, पण नंबर खिशात होता म्हणून मला झोप लागली.

पुण्याहून काय नेलं? विळी, गोणपाटात गुंडाळून. एक चांगली कढई. धुऊन वाळवलेले तांदूळ, पोहे, घरचा मसाला बिनमिठाचा, भरपूर लिंबं. मीठ कमी असलं की लिंबू आणि मिरपूड वाचवतात. दुधी, दोडका, कोबी. आणि मीठ, पण साधंच. बाजारात ते ‘लो सोडियम’ मीठ मिळतं ना, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, बाबांसारख्यांना ते साध्या मिठापेक्षा वाईट. कोणीतरी प्रेमाने आणून दिलं होतं आम्हाला मध्यंतरी, डायटिशियनने पुडा बघितला म्हणून बरं. एक लिटरची बाटली, तिच्यावर रेघा मारलेल्या.

पहाटे साडेपाचला निघालो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि खाली चिपळूण. थांबत थांबत गेलो, दीड वाजला. बाबांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, त्या हातावर ओझं चालत नाही, तरी उतरल्या उतरल्या त्यांनी डाव्या हाताने पिशवी उचललीच. आई ओरडली. म्हणजे सहल सुरू झाली.

नवरा आणि आई बाजारात मासे आणायला गेले. मासे घेण्यात आईला मी मनाई केली नव्हती, कारण तो तिचा स्वयंपाक नाही, ती तिची करमणूक आहे. कल्ले उचलून लाल आहेत का बघायचं, डोळे चकाकणारे हवेत, बोटाने दाबलं की खळगा राहता कामा नये. पापलेटाचा कल्ला दाबल्यावर पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर ठेवून द्या मावशी. पापलेटाचा भाव ऐकून तिने बांगडे घेतले. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनं उलट वाढवायला सांगितली आहेत, त्यामुळे बाबांना मासे चालतात, मोजून दोन तुकडे. सुकं मात्र नाही, त्यात सगळं मीठच.

तर मी तळतेय, नवरा भात बघतोय, आणि आई मागच्या पडवीत झोपाळ्यावर. पाच मिनिटं शांतता. मग आवाज, “तेल तापलं का नीट?” परत दोन मिनिटं. “फोडणी करपल्याचा वास येतोय.” येत नव्हता. मग ती दारात येऊन उभी राहिली. मुलाने दारात हात आडवे धरले आणि म्हणाला, “आजी, तिकीट?” ती परत गेली. मला हसू आलं, आणि थोडं रडूपण. तिला बसता येत नव्हतं हो. पन्नास वर्षं जे केलं ते दुसरं कोणी करत असताना हात कुठे ठेवायचे हेच तिला कळेना. शेवटी काकूंनी तिला हाक मारली, वाडीतली सुपारी दाखवते म्हणाल्या, आणि दोघी अशा गेल्या की जेवायला बोलवायला जावं लागलं.

बांगड्यात मीठ इतकं कमी पडलं की आम्ही चौघं वरून घेत होतो. बाबा म्हणाले, “मस्त झालंय.” नवरा अजून ते वाक्य लोकांना सांगतो.

साडेचारला समुद्र खूप आत गेला होता. बाबा चालले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, मध्ये मध्ये थांबून, सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत आणि मग पाण्याच्या कडेने. मी घड्याळ लावलं होतं, वीस मिनिटं झाल्यावर परत फिरवायचं म्हणून. चाळीस मिनिटांनी आठवण झाली.

गुरुवारी सकाळी हेदवीला गेलो. दशभुज गणपती, आणि मग खाली किनाऱ्यावर उमामहेश्वराचं देऊळ. त्याच्यामागे खडकात ती बामणघळ आहे, अरुंद चीर. भरतीला लाट आत घुसते आणि दणकन वर उडते. म्हणून तिथे साडेदहाला पोचायचं होतं, तिथीचं गणित याच्यासाठीसुद्धा. ओहोटीला गेलात तर नुसती भेग बघून याल. खडक निसरडे आहेत, कडेला जाऊन फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. बाबा तिथवर आलेच नाहीत. देवळापाशी बसले. पण तिथेही आवाज येतो. प्रत्येक लाटेला ते मान हलवत होते, गाण्याला दाद दिल्यासारखी.

त्या संध्याकाळी काकूंनी ताटलीत घावनं आणली. “भाऊंची वेगळी आहेत, मीठ अजिबात घातलं नाही. साखर भुरभुरून द्या.” मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांनी दिरांसाठी केलेली असणार कधीतरी. ते दीर आता नाहीत, हे त्यांनी आईला वाडीत सांगितलं होतं. आम्हाला ते परतीच्या वाटेवर कळलं.

शुक्रवारी निघताना काकांनी शहाळी काढली, पाचही जणांना. मी ‘बाबांना नको’ म्हणायला तोंड उघडलं तर बाबांनीच हात पुढे केला. घेतलं, दोन्ही हातात धरलं, हलवून पाण्याचा आवाज ऐकला, वास घेतला. मग नातवाला दिलं, “दोन पी.” आणि गाडीत बसले.

गाडीत आई म्हणाली, पुढच्या वेळी गुरुवार टाळून बघ. मी कॅलेंडर काढलंय. फाल्गुनातल्या पौर्णिमेला सोमवार येतो की मंगळवार, त्यावर सगळं अवलंबून आहे. बघू. तुमच्यापैकी कोणी गुहागरहून पुढे तवसाळला फेरीबोटीने जयगडला गेलं असेल, तर वयस्क माणसाला बोटीत चढताना-उतरताना कितपत त्रास होतो ते मला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.