सत्तर हजार किलोमीटरचा हिशेब



पाडवा होऊन तीनेक आठवडे झाले, अक्षय्य तृतीया तोंडावर आली. या दोन मुहूर्तांवर आपल्या भागात गाड्या निघतात, आणि त्यांत सर्वांत जास्त असतात त्या शंभर ते सव्वाशे सीसीच्या मोटारसायकली. ही खरेदी हौसेची नसते. डेअरीला दूध घालणारा, पहिल्या पाळीला कारखान्यात पोचणारा, दोन गावांत वर्ग घेणारी शिक्षिका, पार्सल पोचवणारा मुलगा, या सगळ्यांची रोजी या गाडीवर अवलंबून असते. म्हणून तिच्या सर्व्हिसिंगचा आणि वॉरंटीचा विषय आज मुद्दाम निवडला आहे.

शोरूममध्ये आपण तीन गोष्टी विचारतो. ऑन रोड किती, हप्ता किती, ॲव्हरेज किती. तिन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण अपुरे आहेत. गाडी घरी आल्यावर तिच्या पोटात दर काही हजार किलोमीटरला काय घालावं लागणार, कंपनीने दिलेला शब्द किती दिवस टिकणार आणि तो कशाने मोडणार, हे विचारायचं राहून जातं. माझं म्हणणं असं की दोन गाड्यांची तुलना शोरूममधल्या किमतीवर थांबवू नये, ती वॉरंटी संपेपर्यंतच्या किलोमीटरवर करावी. आणि त्यासाठी लागणारी पुस्तिका बुकिंगच्या आधी, आपल्या भाषेत, हातात मिळाली पाहिजे.

फ्री सर्व्हिसिंगपासून सुरू करू. एक विक्रेता सांगतो, आमच्या पाच फ्री. दुसरा म्हणतो, आमच्या तीन. ऐकणाऱ्याला पाच मोठे वाटतात. पण दोन सर्व्हिसिंगमधलं अंतर सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. कोणाचं तीन हजार किलोमीटर, कोणाचं पाच, कोणाचं सहा. तीन हजारांचं अंतर असेल तर पहिली पाचशे ते साडेसातशेला, मग तीन, सहा, नऊ आणि बारा हजारांना. पाचवं कूपन बारा हजारांना संपलं. सहा हजारांचं अंतर असेल तर पहिली हजाराच्या आत, दुसरी सहा हजारांना, तिसरी बारा हजारांना. म्हणजे तीन कूपनंही बारा हजारांनाच संपली. दोन्ही कंपन्यांनी तुम्हाला एकाच ठिकाणी आणून सोडलं.

त्यापुढे काय होतं ते पाहा. वॉरंटी सत्तर हजार किलोमीटरची धरली, तर तीन हजारांच्या गाडीला पंधरा हजारांपासून एकोणसत्तर हजारांपर्यंत एकोणीस सर्व्हिसिंग पैसे देऊन करायच्या. तेवढंच अंतर सहा हजारांच्या गाडीने कापलं तर नऊ. पहिल्या गाडीला एका वेळी आठशे रुपये धरा, दुसरीला प्रत्येक खेपेला काम जास्त निघतं म्हणून अकराशे धरा. एकीकडे १५,२०० रुपये, दुसरीकडे ९,९००. हे दर मी हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमच्या गावच्या वर्कशॉपचे दर घालून हाच हिशेब घरी करा. शिवाय एकोणीस खेपा म्हणजे एकोणीस वेळा अर्धा दिवस गाडी वर्कशॉपमध्ये. ज्याची रोजी गाडीवर आहे त्याला त्या अर्ध्या दिवसाचीही किंमत मोजावी लागते.

फ्री म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यावं. फ्री असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर, प्लग यांचे पैसे पहिल्या सर्व्हिसिंगलाही द्यावे लागतात. आता कराचं पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ऐंशी हजार एक्स-शोरूम किमतीच्या गाडीवर त्यामुळे सहा हजारांहून थोडे जास्त वाचतात. ही चांगलीच गोष्ट झाली. पण सर्व्हिसिंगच्या मजुरीवर कर आधीपासून १८ टक्केच होता. तिथे काही कमी झालेलं नाही.

आता वॉरंटी. आज बहुतेक छोट्या गाड्यांवर ती पाच वर्षांची मिळते आणि किलोमीटरची मर्यादा साठ ते पंचाहत्तर हजारांच्या दरम्यान असते. काही ठिकाणी मूळ वॉरंटी तीन वर्षांची आणि पुढची वर्षं पैसे भरून वाढवायची. या ओळीच्या शेवटी एक वाक्य असतं: जे आधी होईल ते. सगळा अर्थ त्या वाक्यात आहे.

मंचरहून चाकणच्या कारखान्यात रोज जाणारा कामगार घ्या. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, महिन्याला सव्वीस दिवस. महिन्याचं रनिंग १,५६० किलोमीटर झालं. त्याची फ्री कूपनं आठ महिन्यांत संपतात आणि पाच वर्षांची म्हणून घेतलेली वॉरंटी पावणेचार वर्षांत संपते. आता गावातल्या गावात रोज आठ किलोमीटर फिरणारे निवृत्त मास्तर घ्या. त्यांना तीन हजार व्हायला वर्ष उलटून जातं. पण सर्व्हिसिंगच्या तक्त्यात किलोमीटरशेजारी दिवसही लिहिलेले असतात, काही कंपन्यांचे शंभर दिवस. मास्तर म्हणतात, गाडी चाललीच कुठे? आणि कूपन बाद होतं. कामगाराला किलोमीटर गाठतात, मास्तरांना दिवस. कंपनीची दिवसांची अट अगदीच निराधार नाही. थोड्या थोड्या अंतरासाठी चालू-बंद होणारं इंजिन पुरेसं तापत नाही आणि आतला दमटपणा ऑइलमध्ये उतरतो. पण ही अट विकताना स्पष्ट सांगायला हवी. ती सांगितली गेली नाही असं म्हणणारी माणसं मला सतत भेटतात.

वॉरंटीत बसत नाही ती यादी लांब आहे. क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, प्लग, एअर फिल्टर, केबल, बल्ब, रबरी भाग, म्हणजे वापराने झिजणारं जवळजवळ सगळं. टायर आणि बॅटरीची जबाबदारी त्यांच्या त्यांच्या कंपनीची. उरतं ते इंजिनाच्या आतलं, गिअरबॉक्सचं आणि काही विजेचं काम, तेही दोष बनावटीचा असेल तर. शंभर सीसीच्या इंजिनात असे दोष मुळात कमी निघतात, कारण ही इंजिनं साधी आहेत आणि त्यांची मूळ रचना कित्येक वर्षं घासूनपुसून घेतलेली आहे. म्हणून वाढीव वॉरंटी घेताना नुसती वर्षं मोजू नका. फ्युएल इंजेक्टर, पेट्रोल पंप, सेन्सर आणि ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारं युनिट) त्यात आहेत का, एवढं विचारा. महाग भाग तेच आहेत. ते त्यात असतील आणि तुमचं रनिंग जास्त असेल, तर घ्यावी. ते नसतील तर तेच पैसे वेळेवर ऑइल बदलायला ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲव्हरेजबद्दलही बोललं पाहिजे, कारण घराघरांत वाद त्यावरूनच होतात. एक गाडी लिटरला साठ देते, दुसरी पासष्ट. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर सत्तर हजार किलोमीटरमध्ये दोघींत फरक पडतो सुमारे ९,३०० रुपयांचा. पाच वर्षांत विभागला तर महिन्याला दीडशेच्या आसपास. ही रक्कम कमी आहे असं मी म्हणत नाही. पण तुंबलेला एअर फिल्टर, कोरडी आणि सैल चेन, चाकात कमी हवा आणि घासत चालणारा ब्रेक, एवढ्याने ते पाच किलोमीटर आरामात निघून जातात. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागे गाडी चालवणाऱ्याचा फिल्टर पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट पाहत नाही. तो आधीच भरतो. आणि आजचे बरेचसे फिल्टर चिकट कागदाचे असतात, ते हवा मारून किंवा पेट्रोलने धुऊन साफ करायचे नसतात, बदलायचेच असतात.

ऑइलवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. या गाड्यांच्या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल असतं. ते पिस्टनला आणि क्रँकला वंगण देतं, गिअरही त्यातच फिरतात आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडलेल्या असतात. मोटारीच्या इंजिनाच्या ऑइलवर क्लचचा भार नसतो, त्यामुळे त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली चालतात. तेच ऑइल मोटारसायकलमध्ये ओतलं तर क्लच घसरायला लागतो, चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-टू’ हे जपानी मानक लिहिलेलं आहे का, ते पाहावं, आणि १०डब्ल्यू-३० वगैरे जी श्रेणी पुस्तिकेत दिली असेल तीच घ्यावी. क्लच प्लेट वॉरंटीत नाही हे आत्ताच सांगितलं. स्वस्तातल्या डब्याने वाचवलेले शंभर रुपये तिथे अनेक पटींनी जातात. पहिली सर्व्हिसिंग तर चुकवूच नये. नव्या इंजिनात रिंगा आणि गिअर एकमेकांना बसताना धातूचा बारीक कीस सुटतो आणि तो पहिल्या ऑइलबरोबर बाहेर काढावा लागतो. पाडव्याला गाडी काढलेल्यांची ही वेळ याच दिवसांत येते आहे.

आता ओळखीच्या मेस्त्रीकडे जायचं की नाही? या प्रश्नाचं उत्तर १ एप्रिल २०२० नंतर बदललं. त्या तारखेपासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं, या वर्गातल्या बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. कानाने आवाज ऐकून जेट साफ करणाऱ्या मेस्त्रीच्या हाताला आता स्कॅनर लागतो, आणि प्रत्येक कंपनीचा स्कॅनर त्याला परवडत नाही. चेन ताणणं, ब्रेक शू घालणं, पंक्चर ही कामं आजही त्याचीच आहेत आणि तो ती चोख करतो. पण वॉरंटी जिवंत आहे तोवर सर्व्हिसिंग बाहेर केली, तर उद्या इंजिनाचा दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.

हे न्याय्य आहे का, हा प्रश्न देशात विचारला गेलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची उपकरणं स्वतंत्र गॅरेजांना खुली न करणं, आणि बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी रद्द करण्याची अट घालणं, हे त्या प्रकरणाच्या मुळाशी होतं. वाद पुढे न्यायाधिकरणात आणि न्यायालयात गेला. प्रकरण चारचाकींचं होतं, पण दुखणं दुचाकीवाल्याचंही तेच आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनांचा समावेश आहे. पोर्टलवर माहिती मिळते, पण तालुक्याच्या मेस्त्रीला सुटे भाग आणि स्कॅनर रास्त भावात मिळाले, तरच तो हक्क खरा म्हणता येईल.

विम्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लोक तो वॉरंटीत मिसळतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. ७५ ते १५० सीसीसाठी २०२२ मध्ये ठरलेला त्याचा हप्ता ३,८५१ रुपये. तो समोरच्याच्या नुकसानीचा विमा आहे. तुमच्या स्वतःच्या गाडीचा विमा बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो आणि दुसऱ्या वर्षी त्याची आठवण कोणी ठेवत नाही. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात गाड्या पाण्याखाली गेल्या. असं नुकसान वॉरंटी भरून देत नाही, तृतीय पक्षाचा विमाही देत नाही. ते स्वतःच्या गाडीच्या विम्यातूनच भरून मिळू शकतं. बुडालेली गाडी तपासण्याआधी किक मारून पाहू नये, आत पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि दावा आणखी अवघड होतो.

आता कागद. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा हातात ग्राहक संरक्षणाचा पक्का कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आज २०१९ चा कायदा आपल्याकडे आहे आणि त्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानलेली आहे. प्रत्येक सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड आणि बिल घ्या, त्यावर किलोमीटर आणि तारीख घालून घ्या, पुस्तिकेत शिक्का मारून घ्या. काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक मागा, आणि कोटिंग, फ्लशिंग, ॲडिटिव्ह असं काही पुस्तिकेत नसलेलं त्यात दिसलं तर ते खोडायला सांगा. बदललेला भाग परत मागा. वॉरंटीचा दावा नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी नकारावर घरी परतू नका.

लेखी कारण मिळालं, किंवा मागूनही दिलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडीसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, म्हणजे ही सगळी छोटी वाहनं त्यात येतात. नव्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात जाता येतं, कंपनीच्या कचेरीच्या शहरात जावं लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं.

पार्सल पोचवणाऱ्या मुलांसाठी शेवटचा मुद्दा. काही वॉरंटी पुस्तिकांत व्यावसायिक वापराची गाडी वगळलेली असते, तेव्हा गाडी घेण्याआधी ते कलम वाचा आणि तुमचा वापर विक्रेत्याला लेखी कळवा. पण ‘तुम्ही धंद्यासाठी गाडी वापरता, तुम्ही ग्राहकच नाही’ असं कोणी आयोगात म्हणालं तर घाबरू नका. फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून, वस्तू घेऊन स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच आहे, असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे.