दर दोन तासांनी



परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची एक नर्स होती. मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूला रक्त पोचलं नाही. अरुणा त्यानंतर कधी शुद्धीवर आली नाही, आणि 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेली. मधली जवळजवळ 42 वर्षं तिला सांभाळलं ते तिच्याच रुग्णालयातल्या नर्सेसनी.

सर्वोच्च न्यायालयात तिच्या प्रकरणाचा निकाल लागला तेव्हा 37 वर्षं उलटली होती, आणि तिच्या अंगावर एकही बेडसोर नव्हता. मी स्वतः तीस वर्षं वॉर्डात काढली, म्हणून या एका ओळीपाशी मी थांबते. खाटेला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा, खुबे, जिथे हाडावर नुसती कातडी असते तिथलं रक्त दाबाने अडतं आणि दोन-चार दिवसांत जखम होते. दिवसाला बारा वेळा कूस बदलायची. पाठ पुसायची, पावडर लावायची, चादरीची सुरकुती काढायची. असे साडेतेरा हजार दिवस. त्यात दिवाळी आली, संप आले, 26 जुलैचा शहर बुडवणारा पाऊस आला. आधीच्या सिस्टर निवृत्त झाल्या, अरुणाला चालताबोलताना कधी न पाहिलेल्या मुली ड्यूटीवर आल्या, आणि हँडओव्हरमध्ये अरुणा त्यांच्या हाती आली. याला मी शौर्य म्हणते.

पण पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने याचिका केली, की हिला बळेच भरवणं थांबवा, हिला सुटू द्या, तीही मायेनेच केली होती. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने ती फेटाळली. अरुणाच्या वतीने काही ठरवायचंच तर तो हक्क केईएमच्या लोकांचा, असं सांगितलं. आणि त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, असाध्य रुग्णाचे उपचार थांबवायची वाटही उघडली. निकाल ऐकून माझा ऊर भरून आला. रात्री मात्र झोप लागेना. मासे भरवले की अरुणा कधीकधी हसते, असं तिथल्या लोकांनी न्यायालयाला सांगितलं होतं. ते हसू तिचं होतं, की आम्हाला हवं होतं म्हणून दिसत होतं? मला अजून सांगता येत नाही.

आमच्यातल्या बहुतेकींचा पेच न्यायालयापर्यंत जात नाही. तो पहाटे वॉर्डात उभा राहतो. अन्ननलिकेचा कॅन्सर झालेले एक आजोबा माझ्याकडे होते. केसपेपरवर लिहिलेलं, तोंडाने काही द्यायचं नाही. ऑर्डर बरोबर होती, पाणी फुप्फुसात गेलं असतं. पण आजोबा दोन-तीन दिवसांचे सोबती आहेत हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. मी ओल्या कापसाने ओठ टिपत होते. ते म्हणाले, ‘‘पोरी, कापूस नको गं. पाणी दे.’’ मी डॉक्टरांना फोन केला. ते नाही म्हणाले. वॉर्डबॉय मामा खिडकीबाहेर बघत उभे राहिले. पन्नास खाटांना मी एकटी होते, दुसरीकडे सलाईन संपत आलं होतं, आणि आजोबांनी माझा पदर धरला होता.

मी त्यांचं डोकं उंच केलं आणि दोन चमचे पाणी दिलं. त्यांना ठसका लागला, मग ते झोपले. तिसऱ्या दिवशी गेले. आजाराने, की माझ्या दोन चमच्यांनी, हा हिशेब मी आजही मांडते.

त्या पहाटे रिपोर्ट बुक उघडलं. लिहिलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. मामा बोलले नसते. मी लिहिलं: 4 वाजून 10 मिनिटं, ऑर्डर नसताना दोन चमचे पाणी दिलं. खाली पूर्ण नाव लिहून सही केली, आणि सहाच्या आत सगळ्यांची टेंपरेचर घ्यायला उठले.