एकच भिंग, पण कोणते?

छायाचित्रणाचा नाद लागलेल्या गृहस्थाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की, कॅमेऱ्याबरोबर मिळालेले लहानसे भिंग त्याला अपुरे वाटू लागते. तो दुकानात जातो. दुकानदार काचेच्या कपाटातून एक जाडजूड भिंग काढून समोर ठेवतो आणि सांगतो की, यात अख्खे देऊळही मावेल व त्याच्या कळसावर बसलेला पोपटही येईल; दुसरे भिंग म्हणून घ्यावे लागणार नाही. किंमत ऐकून गृहस्थ क्षणभर गप्प होतो. घरी काय सांगावे, याचा विचार त्याच्या मनात सुरू झालेला असतो.

दुकानदाराचे म्हणणे खोटे नसते. अशा सर्वकामी भिंगाची खरी योग्यता पाहावयाची असेल तर आषाढीच्या वारीत दिवे घाटात जावे. वरच्या वळणावर उभे राहिले की खाली दिंड्यांची लांबच लांब रांग नागमोडी चढत असते. ते दृश्य टिपावे, तोच पलीकडल्या वळणावर डोईवर तुळशीवृंदावन घेतलेली एखादी म्हातारी कशाला तरी मनमोकळी हसते. हे हसू दोन-तीन क्षणांचे. वर पाऊस भुरभुरत असतो, मागून माणसांचा लोट येत असतो. अशा वेळी एक भिंग काढून दुसरे बसवू पाहणाऱ्याला ती म्हातारी सापडत नाही. उलट, उघड्या पडलेल्या कॅमेऱ्यात ओल आणि धूळ शिरते, संवेदकावर चिकटते आणि पुढच्या प्रत्येक चित्रात आभाळावर काळपट ठिपके उमटतात. सर्वकामी भिंगवाला मात्र नुसते कडे फिरवतो आणि त्याचे काम होते.

मग अडचण कोठे आहे? ती भिंगावर कोरलेल्या आकड्यांत आहे. १८ ते २००, १८ ते ४०० हे आकडे मिलिमीटरमधील नाभीय अंतराचे. ते लहान असेल तितका देखावा रुंद, मोठे असेल तितका अरुंद आणि दूरची वस्तू जवळ आल्यासारखी. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी १९५९ साली फोक्टलँडर या जर्मन कंपनीचे झूमार भिंग आले, त्याची मजल ३६ पासून ८२ पर्यंत, म्हणजे सव्वादोन पटींच्या आसपास होती. १९९२ साली टॅमरॉनने २८ ते २०० चे भिंग काढले, ते सातपट झाले. २००५ मध्ये निकॉनचे १८ ते २०० चे भिंग अकरापटीवर पोहोचले आणि २०१७ मध्ये टॅमरॉनच्याच १८ ते ४०० ने बाविसपटीचा पल्ला गाठला. ग्राहकाला भुरळ पडते ती या पटींची. किती लांबचे दिसते, हेच तो विचारतो. किती रुंद दिसते, हे विचारण्याचे त्याला सुचतही नाही.

वास्तविक हिशेब उलटा आहे. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या मोठ्या संवेदकावर ३०० चे भिंग कर्णावर सुमारे ८ अंशांचा देखावा घेते आणि ४०० चे सुमारे ६ अंशांचा. शंभर मिलिमीटर वाढवून पदरात पडले ते एवढेच. आणि तेही घरी बसून चित्राच्या कडा कापून बऱ्याच अंशी साधता येते. याउलट २८ चे भिंग सुमारे ७५ अंश पाहते व २४ चे सुमारे ८४ अंश. चार मिलिमीटरांत नऊ अंशांचा फरक! जे चौकटीत आलेच नाही ते मागाहून कोणत्याही युक्तीने आणता येत नाही. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर सुमारे दीडपटीचा हिशेब धरावा लागतो. तेथे १८ म्हणजे मोठ्या संवेदकावरचे २७ झाले.

अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात हे नऊ अंश काय असतात ते कळते. डाव्या बाजूच्या अरुंद वाटेत भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती कोरलेली आहे. समोर खांबांची ओळ असल्यामुळे हवे तितके मागे सरकता येत नाही आणि सरकले तर खांब आड येतो. चारशे मिलिमीटरवाला तेथे बुद्धाचे मुख तेवढे घेऊन परततो.

लेण्यात दुसरी गोष्टही कळते, ती अंधाराची. फ्लॅश वापरण्यास तेथे मनाई आहे आणि ती योग्यच आहे. भिंगावर १:३.५–६.३ असे जे लिहिलेले असते, ते त्याच्या छिद्राचे माप. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले म्हणजे हा आकडा मिळतो; अर्थात तो जितका मोठा, तितका प्रकाश कमी. ३०० वर २.८ चे छिद्र द्यावयाचे तर ते १०७ मिलिमीटर रुंद असावे लागेल, आणि असे भिंग गळ्यात अडकवून यात्रा करणे कोणालाही झेपणार नाही. म्हणून सर्वकामी भिंग लांबच्या टोकाला अंधूक होत जाते. निकॉनच्या २०२४ मधील २८ ते ४०० च्या भिंगात तर ते छिद्र ८ पर्यंत आक्रसते. मोबदल्यात वजन सव्वासातशे ग्रॅमच्या आसपास राहते.

कंप आवरणारी यंत्रणा या भिंगांत असते आणि ती उपकारक आहे, परंतु ती हाताचा कंप आवरते, समोरच्या माणसाचा नव्हे. अजिंठ्याचा बुद्ध हलत नाही. तेथे ती यंत्रणा पुरते. रात्रीच्या मांडवात टाळ वाजवणारे हात मात्र थांबत नाहीत. २.८ च्या भिंगाने जे चित्र सेकंदाच्या शंभराव्या भागात येईल, त्याला ५.६ वर पंचविसावा भाग लागतो, आणि तेवढ्यात टाळाचा धूर झालेला असतो. यावर स्वस्त उपाय आहे. दोन पट कमी मजलेचे सर्वकामी भिंग घ्यावे आणि उरलेल्या पैशांत १.८ छिद्राचे ३५ किंवा ५० चे बिनझूमचे लहान भिंग खिशात ठेवावे. ५.६ च्या मानाने ते जवळजवळ दसपट प्रकाश घेते. ‘एकच भिंग’ या व्रताचा त्यामुळे भंग होतो हे खरे. पण लग्नघरातल्या चित्रांत माणसे ओळखू येतात.

खरेदीपूर्वी घरची एक रात्र खर्च करावी. डिजिटल चित्राबरोबर ते किती नाभीय अंतरावर घेतले याची नोंद साठवलेली असते. गेल्या वर्षाची आपल्याला आवडलेली चित्रे उघडून या नोंदी पाहाव्यात. लांबचा हव्यास धरणाऱ्या पुष्कळांना तेथे रुंद टोकाचीच गर्दी आढळेल. ज्याची बहुतेक चित्रे लांबच्या टोकाला खोळंबलेली दिसतील, त्याने खुशाल चारशेची वाट धरावी. पक्षी पाहणाऱ्याला सल्ला निराळा.

जुने भिंग घेणाऱ्याने कॅमेरा बरोबर नेलाच पाहिजे. काही कॅमेऱ्यांत केंद्रीकरणाची मोटार नसते. भिंगातही ती नसली तर सारे हाताने जुळवत बसावे लागते. दुकानात छापील कागद भिंतीला चिकटवून दोन्ही टोकांना, छिद्र पूर्ण उघडे ठेवून चित्रे घ्यावीत आणि कोपऱ्यांतली अक्षरे पाहावीत. रुंद टोकाला ओळी किंचित बाहेर फुगतील. ते संगणकावर सावरता येते. एकाच बाजूची अक्षरे पुसट असतील तर ते भिंग परत करावे. शेवटी कॅमेरा गळ्यात अडकवून, भिंगाचे तोंड खाली ठेवून दुकानात चार पावले चालावे. नळी आपोआप खाली घसरू लागली तर तिला अडवणारी कळ आहे की नाही, हे पैसे देण्याआधीच विचारावे.