बंदीचं ओझं



 

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात एक प्रश्न विचारला. मुंबईतून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बाद करता येतील का? त्यावर राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. इतकी वर्षं दिल्लीचं दुखणं म्हणून आपण जे लांबून बघत होतो, ते असं आपल्या दाराशी आलं. आज मुंबई, उद्या पुणे, परवा नागपूर. तेव्हा वाहतूक नियोजन, परिवहन खातं, वाहतूक पोलीस, मालवाहतूक अशा आपल्या धंद्यातल्या माणसांनी आधीच बोलून घेतलेलं बरं.

या सभागृहातही दोन तट आहेत, चहाच्या वेळी ऐकलं मी. एक तट म्हणतो, हवा आधी, बाकी सगळं नंतर. दुसरा म्हणतो, गाडी घेतली, रोड टॅक्स भरला, बँकेचे हप्ते अजून चालू आहेत. आता ती कुठे आणि कधी चालवायची हे सांगणारे तुम्ही कोण? कायदा थोडाथोडा दोघांच्याही बाजूचा आहे. सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा-पाणी हे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरलं. कलम १९ देशभर फिरण्याचं स्वातंत्र्य देतं आणि त्यावर वाजवी निर्बंध घालायची मुभाही देतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ११५ तर सरकारच्या हातात थेट चावीच देतं. अमुक भागात, अमुक रस्त्यावर, अमुक गाड्या बंद. निर्बंध महिनाभराच्या आतला असेल तर राजपत्रातली अधिसूचनाही लागत नाही. बंदी घालणं इतकं सोपं आहे, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे. सोपं आहे म्हणून आपण घालतो, आणि तिचं ओझं कुणाच्या खांद्यावर जाणार हे नंतर बघतो.

आपल्याकडची सर्वांत गाजलेली वाहनबंदी माथेरानची. दस्तुरी नाक्याला गाड्या थांबतात, पुढे पायी, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनने. पाहुण्यांना आपण ते मोठ्या अभिमानाने दाखवतो आणि तो अभिमान खोटा नाही. पण २०२५ पर्यंत दस्तुरीला काय दिसायचं ते आठवा. मुंबईहून आलेलं कुटुंब डिकीतून बॅगा काढतं, आजींचे गुडघे दुखत असतात, म्हणून हातरिक्षा ठरते. भाड्यावरून घासाघीस होते. मग लाल मातीच्या चढावर एक माणूस पुढून ओढतो, दुसरा मागून ढकलतो, आणि आजी आत अवघडून बसलेल्या असतात. त्यांनाही ते बरं वाटत नसतं. माथेरानची हवा स्वच्छ राहिली ती या माणसांच्या छातीच्या भात्यावर. याच लोकांनी ई-रिक्षा मागितली, त्यासाठी कोर्टकचेऱ्या केल्या, २०२२ च्या अखेरीस तिची चाचणी सुरू झाली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा. स्वच्छ हवेचं श्रेय गावाला मिळालं आणि बिल रिक्षा ओढणाऱ्याच्या नावावर फाटलं. कुठल्याही बंदीचा मसुदा समोर आला की मी हे बिल शोधतो.

आता दिल्ली. दिल्लीच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे, पण आपल्याला शिकायला सर्वांत जास्त तिथेच आहे, कारण एकाच शहराने चांगलं आणि वाईट दोन्ही करून दाखवलं. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिल्लीच्या सगळ्या बस सीएनजीवर आणायला सांगितलं. मुदत २००१ ची होती, काम संपलं २००२ च्या अखेरीस. मधल्या काळात पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या, लोकांचे हाल झाले, सरकारने टाळाटाळ केली, सगळं झालं. पण त्या आदेशाचा रोख इंधनावर होता. बस चालत राहिली, धूर गेला. मुंबईतही 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम'च्या याचिकेवरून लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. टॅक्सीवाल्यांनी कुरकूर केली, पण सीएनजी स्वस्त पडत असल्यामुळे किट बसवण्याचा खर्च रोजच्या धंद्यातून भरून निघत होता. स्वातंत्र्य गेलं अशी ओरड फार दिवस टिकली नाही.

याच दिल्लीत २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दुसरी रेघ ओढली. डिझेल गाडी दहा वर्षांची झाली की बाद, पेट्रोल गाडी पंधराची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. ही रेघ गाडीच्या वयावर आहे. पेन्शनर माणसाची, आठवड्यातून एकदा मंडईत जाणारी, नीट सर्व्हिसिंग केलेली गाडी आणि दिवसरात्र पळवलेली भाड्याची गाडी एकाच तारखेला भंगारात. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं. पंपांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, शेजारी पोलीस आणि टोचन गाडी. सुमारे ६२ लाख वाहनं या जाळ्यात येत होती, त्यांत बहुसंख्य दुचाक्या. दोन-तीन दिवसांतच खुद्द दिल्ली सरकारने ही अंमलबजावणी थांबवा म्हणून पत्र लिहिलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं आणि डिसेंबरात त्यात दुरुस्ती करून हे संरक्षण बीएस-४ (भारत स्टेज ४) या धुराच्या मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. एक रेघ वयावरून धुराच्या मानकावर सरकायला दहा वर्षं गेली. पहिल्या दिवशीच आपल्यापैकी कुणीतरी ती तिथे ओढायला हवी होती. बीएस-४ डिझेल मोटारीला किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कण सोडायची परवानगी होती, बीएस-६ ला साडेचार. फरक इंजिनात आहे, जन्मतारखेत नाही.

दिल्लीच्याच सम-विषमबद्दल, म्हणजे नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून एक दिवसाआड गाडी बंद ठेवण्याबद्दल, मी थोडक्यात बोलतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. जानेवारी २०१६ मध्ये पंधरा दिवस तो प्रयोग झाला तेव्हा शाळांना सुट्टी दिली आणि शाळांच्या बस रस्त्यावर उतरवल्या. ते शहाणपणाचं होतं. पण दुचाकीला सूट, एकट्या महिला चालकांना सूट, मान्यवरांना तर सूट असणारच. त्याच सुमारास आलेल्या आयआयटी कानपूरच्या अहवालात दिल्लीच्या हवेतल्या सूक्ष्म कणांमध्ये (पीएम २.५) रस्त्यावरच्या धुळीचा वाटा ३८ टक्के आणि वाहनांचा २० टक्के होता. वाहनांच्या वाट्यात सर्वांत वर ट्रक, त्याखाली दुचाक्या, मोटारी बऱ्याच खाली. निर्बंध कुणावर घातला? मोटारींवर. हवा अगदीच कोंडलेल्या दिवसांत आणीबाणीचा उपाय म्हणून सम-विषम मला चालेल; कायमचं धोरण म्हणून नाही. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये आठवड्यातून एक दिवस गाडी बंदचा नियम केला, आणि पुढच्या अभ्यासांत दिसलं की लोकांनी दुसऱ्या नंबराची जुनी गाडी घेऊन ठेवली. माणूस नियमातून वाट काढतो. तो पुण्यातही काढेल, जरा लवकरच काढेल.

मग धूर मोजायचा कसा? आपल्याकडे त्यासाठी पीयूसी आहे. पंपाच्या कोपऱ्यात उभी असलेली ती व्हॅन आठवा. मुलगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, संगणकावर नंबरप्लेटचा फोटो येतो, प्रिंटर कागद ओकतो, आपण पैसे देऊन निघतो. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या धुराचा काळेपणा. ज्याच्यासाठी एवढं रामायण चाललंय ते सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडं त्या यंत्राला दिसतच नाहीत. शिवाय गाडी जागेवर उभी. खुर्चीत बसलेल्या माणसाची नाडी बघून त्याला सिंहगड चढताना दम लागतो का हे सांगण्यातला हा प्रकार. आणि गाडी न नेताही पीयूसी मिळतं, हे या सभागृहात कुणाला नवं असेल तर त्यांनी हात वर करावा. धावत्या गाडीचा धूर रस्त्याच्या कडेने मोजणारी यंत्रं जगात कधीची आली आहेत. ती आणायला खर्च येतो हे मान्य. पण लाखो लोकांच्या गाड्या भंगारात काढण्याचा खर्च आपण लोकांच्याच खिशातून करणार असू, तर मोजमापाचा खर्च सरकारने करायला काय हरकत आहे?

चालकाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलताना आपल्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा मोटारवाला असतो. माझ्या डोळ्यांसमोर पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डाबाहेर पहाटे रांगेत लागलेला टेम्पोवाला येतो. मागे कोथिंबिरीच्या जुड्या आणि टोमॅटोचे क्रेट, बोनेटवर चहाचा कागदी कप, आणि नो एंट्रीच्या आत शहरातून बाहेर पडायची घाई. त्याची गाडी बीएस-३ असेल तर ती त्याला कुणी विकली? मार्च २०१७ च्या शेवटच्या दोन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे बीएस-३ ची विक्री थांबणार म्हणून दुचाकींच्या शोरूममध्ये झुंबड उडाली होती, ती आठवते ना? हजारोंची सूट देऊन गाड्या खपवल्या. त्या सगळ्यांचं रीतसर पासिंग झालं, कागदावर पंधरा वर्षांची मुदत पडली, म्हणजे २०३२ पर्यंत. त्या शिक्क्यावर भरवसा ठेवून माणसाने कर्ज काढलं. मध्येच नियम बदलायचा हक्क सरकारला आहे, पण भरपाईशिवाय बदललात तर लोक पुढच्या नियमालाही वाकुल्या दाखवतील. मोकाट गाडी चालवण्याच्या हक्कासाठी मी भांडणार नाही. दिलेल्या शब्दासाठी जरूर भांडेन.

आणि जो गाडी चालवतच नाही त्याचं काय? सिग्नलला उभा असलेला वाहतूक पोलीस, फुटपाथवरची फुलवाली, बसथांब्यावर ताटकळणारी शाळकरी मुलं. लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. २०२० मध्ये तिथल्या मृत्युतपास अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. आपल्याकडे असा दाखला अजून कुणाच्या हातात पडलेला माझ्या पाहण्यात नाही. आपल्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटर चालवतात, आणि बाहेरगावचे लोक त्याला पुण्याची फॅशन समजतात.

त्याच लंडनने २०१९ मध्ये मध्यवस्तीत, २०२१ मध्ये आणखी पुढे आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सगळ्या शहरात असा क्षेत्रविस्तार करत धुरकट गाड्यांवर दिवसाला साडेबारा पौंडांचा आकार बसवला. बंदी नाही, मानकात न बसणारी गाडी आणायची तर पैसे मोजा. साधारण २००६ ची पेट्रोल गाडी फुकट जाते, २०१३ ची डिझेल पैसे भरते. रेघ योग्य जागी होती. अडलं कुठे? जुनी गाडी मोडीत काढायचं अनुदान आधी फक्त ठरावीक गटांना होतं. उपनगरातले प्लंबर, सुतार संतापले, कॅमेरे कापले गेले, अक्सब्रिज उपनगरातली पोटनिवडणूक महापौरांच्या मजूर पक्षाला जिंकता आली नाही, आणि मग घाईघाईने ते अनुदान सगळ्या लंडनकरांना खुलं झालं. स्टॉकहोमने क्रम उलटा ठेवला. जादा बस २००५ च्या ऑगस्टमध्येच सुरू केल्या, गर्दीचा आकार आला जानेवारी २००६ मध्ये, तोही सात महिन्यांच्या चाचणीपुरता. सीमेवरची वाहतूक पाचव्या हिश्श्याने घटली. चाचणीआधी विरोधात असलेल्या शहराने सप्टेंबरच्या मतदानात बाजूने कौल दिला आणि २००७ पासून तो आकार कायम झाला. स्वीडिश माणूस आपल्यापेक्षा फार समंजस आहे म्हणून हे झालं असं मी मानत नाही. त्याला गाडी घरी ठेवायला सांगितलं तेव्हा थांब्यावर बस येत होती, एवढंच.

आपल्याकडे बसची अवस्था काय आहे ते मी इथे सांगत बसत नाही. तुमच्यातले बरेचजण आज रिक्षाने आले, आणि का आले ते तुम्हाला ठाऊक आहे.

ठराव समितीने अध्यक्ष म्हणून माझ्याकडे जो मसुदा दिला, त्यात 'जुन्या वाहनांवर कठोर निर्बंध' असे शब्द आहेत. 'जुन्या'च्या जागी 'मानकाबाहेरच्या' असं घालावं, ही माझी पहिली सूचना. निर्बंधाच्या प्रत्येक आदेशाला त्या भागातल्या बसफेऱ्यांचं आणि मालवाहतुकीच्या वेळांचं पत्रक जोडलेलं असावं, आणि ते पत्रक प्रत्यक्षात सहा महिने चालल्याशिवाय पहिली पावती फाडू नये. धंद्याच्या गाडीला भरपाई किंवा स्वस्त कर्ज मिळावं. बड्या खासगी डिझेल गाड्यांना त्यातलं काहीही मिळू नये, त्यांच्याकडून आकार घ्यावा आणि तो बसखात्यात जमा व्हावा, महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत नव्हे. हा शेवटचा मुद्दा अर्थखात्यातल्या मित्रांना रुचणार नाही, त्यांनी तसं मोकळेपणाने सांगावं.

मसुद्यावरची चर्चा जेवणानंतरच्या सत्रात आहे. माझी विनंती एवढीच की पहिल्यांदा मालवाहतूकदार संघटनेच्या प्रतिनिधींना बोलू द्यावं, मग वाहतूक पोलिसांना, आणि आम्हा नियोजकांची पाळी सर्वांत शेवटी लावावी.