मुरघासाची वीज आणि तिचा हिशेब



मुरघास म्हटला की आपल्याला दावणीची गाय आठवते. जर्मनीत मात्र मक्याचा मुरघास टाकीच्या पोटात जातो आणि त्यातून वीज निघते. ही किमया काय आहे ते आधी पाहू. तिचे मोल कोण भरतो ते मग पाहू.

दाणा पिठाळ होऊ लागला, की ताटे कणसांसकट कापून त्यांची बारीक कुट्टी करतात. मोठ्या हौदात ती ट्रॅक्टरने दाबून आतली हवा काढतात आणि वर प्लास्टिक झाकतात. आंबून हा चारा वर्षभर टिकतो. रोज थोडाथोडा तो शेणाबरोबर बंद टाकीत, सुमारे ४० अंश उष्णतेत सोडतात. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव त्याचा वायू करतात. त्यात निम्म्याहून थोडा अधिक मिथेन असतो. एका टन मुरघासाचा साधारण २०० घनमीटर वायू होतो. त्यावर इंजिन चालते आणि उरलेली रबडी खत म्हणून शेतात परत जाते.

मग यात वाईट काय? दोष यंत्रात नाही, हिशेबात आहे. २००० सालच्या कायद्याने अशा विजेला २० वर्षे ठरावीक भाव मिळाला. २००४ साली मुद्दाम पिकवलेल्या मालासाठी त्यावर जादा भाव मिळाला. मका फोफावला, जमिनीचे खंड चढले आणि खंडाने जमीन घेऊन दूध काढणारा शेतकरी पेचात आला. अखेर २०१२ साली सरकारला नव्या संयंत्रांतील मक्या-धान्याचा वाटा वजनाने ६० टक्क्यांवर अडवावा लागला.

वारा पडला, सूर्य मावळला, तरी साठवलेला वायू कामी येतो, हे समर्थकांचे म्हणणे खरे आहे. म्हणून हा वायू मोडीत काढू नये. पण आधी शेण, उष्टे-खरकटे, टाकाऊ माल घ्यावा. चाऱ्यावर पहिला हक्क जनावराचा आहे.

आणि टाकीजवळ राबणाऱ्या माणसाचे काय? २००५ साली उत्तर जर्मनीत अशाच एका ठिकाणी, टाकाऊ प्राणिज माल खड्ड्यात ओतताना विषारी वायू सुटून चार माणसे दगावली. त्या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण तो फार झाला, की नाकच बधिर होते. म्हणून वास येत नाही, उतर खाली, असे सांगणाऱ्या मुकादमाला आधी वायू मोजायला सांगा.

वीज स्वच्छ आहे की नाही, हे दिव्याकडे पाहून कळत नाही. खंडकऱ्याला आणि कामगाराला विचारावे लागते.