यकृत बदललं, आता गोळी सांभाळा



बायको नवऱ्याला, आई लेकराला आपल्या यकृताचा, म्हणजे लिव्हरचा, तुकडा देते. ऑपरेशन होतं, माणूस घरी येतो. खरी राखण तिथून पुढे सुरू होते.

यकृत सख्ख्या आईचं असलं तरी शरीराला ते परकंच. शरीर त्यावर तुटून पडतं. त्याला थोपवायला रोज गोळ्या लागतात, बहुतेकांना जन्मभर.

त्यातल्या मुख्य औषधं दोन. सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून मिळालं. टॅक्रोलिमस १९८४ साली जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सहाशेच्या वर रुग्णांमध्ये दोन्हींची तुलना झाली. २००२ साली निकाल छापून आला. मृत्यू, पुन्हा यकृत बदलण्याची पाळी आणि औषध लागू न पडणं, हे सगळं मिळून पहिल्या वर्षात टॅक्रोलिमसवर कमी झालं. म्हणून आज डॉक्टर बहुधा तेच आधी देतात.

पण त्याने हात थरथरतात, रक्तातली साखर वाढू शकते. सायक्लोस्पोरिनने तोंडावर लव वाढते, हिरड्या सुजतात. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा त्रास दोन्हींनी होऊ शकतो. मूत्रपिंड जपायला डॉक्टर कधी टॅक्रोलिमस कमी करून मायकोफेनोलेट जोडतात. ते पोटातल्या बाळाला घातक असतं. म्हणून मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. कुणाला कोणतं औषध, हे त्याची साखर, मूत्रपिंड आणि वय बघून ठरतं. शेजारच्याची गोळी आपल्याला चालत नाही.

आता घरात काय पाळायचं? गोळीची वेळ रोज तीच. रक्त तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा, त्यांनी औषध रक्तात जास्त साचतं. अंगदुखीची गोळी, टीबीचं औषध, झाडपाला, काहीही विचारल्याशिवाय नको. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नका. यकृत बिघडायला लागलं तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही, रक्ताच्या तपासणीतच कळतं. पैसे कमी पडले तर दिवसाआड गोळी घेऊ नका. हॉस्पिटलातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. बचत गटातल्या बायांनीही अशा घरी जाऊन एवढं विचारावं, "आजची गोळी झाली का?"

दिलेलं यकृत या गोळीवर टिकतं.